आत एकीलाच सोडतात

सातारा, ४ जानेवारी २०२५

चि. सबास, अनेक दुआ.

पाटणच्या आजोळी शेळी व्याली ती दुपार आठवते का? आम्ही मोठी माणसं गरम पाणी आणि गोणपाट घेऊन धावत होतो आणि तू, एवढीशी, तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली होतीस. आजीनं तुला ओरडून उठवलं, तर शेळीही उठायला लागली; मग तुलाच पुन्हा बसवलं.

परवा तू डूलाचं काम करतेस असं शेजारच्या लालासाहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हंजी पोरगी सुईण झाली का? तूच लिही, त्यांना काय सांगू?

आता कामाचं. माझ्या सुनेला, निलोफरला, नववा लागलाय. मागच्या खेपेला ती आत एकटीच होती, आणि बाळ हाती लागलं नाही. आता म्हणते, सबाआपा आत असेल तरच दवाखान्यात पाऊल टाकेन. तारिक बायकोला समजावून थकला. तू ये. मोबाईलवर हो-नाही कळवू नकोस, नीट पत्र लिही. लोभ आहेच, तो या थंडीत थोडा वाढव.

तुझी जीनत खाला

सांगली, ९ जानेवारी

ती. जीनत खालांस, सबाचा सलाम वि. वि.

लालासाहेबांना सांगा, मी सुईण नाही. तपासत नाही, औषध देत नाही, नाळेला हात लावत नाही. बाईजवळ बसते, कंबर चोळते, तिच्याबरोबर श्वास घेते, तिला बोलवत नाही तेव्हा तिच्या वतीनं विचारते. प्रशिक्षण झालंय, पण आपल्याकडे या कामाला कायद्यात ना नाव, ना नोंदणी. आत घ्यायचं की नाही, हे दारावरच्या माणसाच्या मर्जीवर.

तुमच्या सरकारी दवाखान्यात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, आत एकीलाच सोडतो. ती घरातली हवी आणि स्वतः बाळंत झालेली हवी. मी घरातली आहे, पण बिनलग्नाची! धाकट्या भावानं, कैफनं, सुचवलं, नर्स आहे म्हणून सांग, कोण बघतंय? मी नाही म्हटलं. एकदा खोटं पकडलं, की माझ्यामागून येणाऱ्या साऱ्याजणींना दार बंद.

म्हणून आत तुम्ही जायचं. रविवारी येऊन शिकवून जाते. थांबता येणार नाही, इथल्या एकीला शब्द दिलाय. अट एकच: आत गेल्यावर तुम्ही सासू नाही.

आपली सबा

सातारा, १८ जानेवारी

चि. सबास, दुआ.

तू गेल्यापासून रोज सराव चाललाय. काल कंबर चोळताना निलोफर हसत म्हणाली, अम्मी, ही कणीक नव्हे. पण भीती वाटते गं. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही दुखणं तोंड मिटून सोसायला शिकलो, आणि ही माझ्यासमोर मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही. आत माझ्याच लाजेनं ती गप्प राहिली तर?

तुझी खाला

सातारा, २ फेब्रुवारी

चि. सबास, उदंड दुआ.

मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत.

कळा वाढल्या तशी निलोफर ओठ चावायला लागली. आणि मी, सगळं विसरून, काय म्हणाले असेन? हळू, डॉक्टर ऐकतील; ओढणी नीट घे. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हा तुझी अट आठवली. मी तिच्या डोक्यावरची ओढणी काढली, त्या ओढणीनंच तिचा घाम पुसला, आणि तिला सांगितलं की ओरड, मीही ओरडते. मी खरंच ओरडले! सिस्टर धावत आल्या, बाळंतीण कोण म्हणून विचारायला. निलोफरला हसू फुटलं, आणि पुढची कळ आली तशी माझा हात आवळून ती पोटातून ओरडली.

मोठ्या डॉक्टरांनी नंतर विचारलं, हे कुठं शिकलात? मी तुझं नाव सांगितलं. म्हणाले, नियम माझ्या हातात नाही. पण घरच्या बाईबरोबर शिकलेली सोबतीणही आत असावी, असं वर लिहून पाठवतो. तोवर तिनं मंगळवारी तपासणीच्या दिवशी यावं आणि सासवांना शिकवावं.

तारिकबरोबर पिशवी पाठवतेय. कंदी पेढ्यांचा मोठा पुडा तुझ्या आईला, लहान कैफला. त्याला सांग, खोटं न बोलताही पेढे मिळतात. इथल्या सिस्टरना मी दिले. ओढणी धुऊन तिचं दुपटं शिवलंय, ते बाळाचं. आणि पिशवीच्या तळाशी पाटणच्या शेळीची घंटी आहे, ती तुझी. मंगळवारी येताना पर्सला बांधून ये. दारातून ऐकू येईल.

तुझी खाला