कल्हईतलं शिसं

तिरोडा, १८ एप्रिल २००७

प्रिय हर्षा,

फोन लागत नाही म्हणून रागावली असशील. माझा मोबाईल अकरा दिवसांपासून सासूबाईंच्या कपाटात आहे. कॉलेजात माझ्या आजारपणाचा अर्ज गेला, तो यांनी लिहिला. मला काहीही झालेलं नाही.

आमचं बिछायत केंद्र तुला ठाऊकच आहे. लग्नांना मंडप, स्वयंपाकाचे मोठे गंज, पराती भाड्याने जातात. कारभार माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ चैतरामजी बघतात. यंदा त्यांनी पितळेच्या सगळ्या गंजांना नवी कल्हई करून घेतली. एक गंज पुसताना माझ्या हातातलं फडकं काळं झालं; शुद्ध कथलाच्या कल्हईने तसं होत नाही. कल्हईची उरलेली कांडी कोपऱ्यात होती. तिचा कीस काढून मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला.

एक ग्रॅम कीस नायट्रिक आम्लात टाकला. कथलाची पांढरी भुकटी झाली, ती गाळून काढली. उरलेल्या पाण्यात सोडियम सल्फेट घातलं, तर ते दुधासारखं झालं. साका धुऊन, वाळवून तोलला : ०.६० ग्रॅम. लेड सल्फेटच्या ३०३ भागांत शिसं २०७ भाग, म्हणजे ०.४१ ग्रॅम. शंभरात एक्केचाळीस! गणित तीनदा मांडलं, तेच आलं. हर्षा, त्या गंजांत पंगतीची आंबट कढी शिजते गं.

घरी सांगितलं. भासरे माझ्याशी थेट बोलत नाहीत, दाराआडून सासूबाईंना म्हणाले, "तिले सांग, कॉलेजातलं घरात काऊन आणून राहिली? ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक तोडते का?" दुसऱ्या दिवसापासून माझ्या खोलीला बाहेरून कडी असते.

परवा एका वधूपित्याने कल्हईचा दाखला मागितला. कागद लिहूनच माझ्यासमोर आला : कल्हईत शिसं नाही, खाली माझं नाव, 'रसायनशास्त्राची अध्यापिका'. सासूबाईंच्या कडेवर माझी दोन वर्षांची लेक रडत होती. त्या म्हणाल्या, "सही कर, मंग पोरीले घेऊन जा माहेरी." मी केली. कडी अजून तशीच आहे. त्या लग्नाचे गंज आज सकाळी गेले, मी खिडकीतून मोजले. सात.

धुणंभांड्याला येणाऱ्या रुख्माबाई हे पत्र पेटीत टाकणार आहेत. सोबतच्या पुडीत त्याच कांडीचा उरलेला कीस आहे. तुझ्या नागपूरच्या प्रयोगशाळेत पुन्हा तपास. आकडा जुळला, तर हे पत्र जसंच्या तसं अन्नतपासणीच्या साहेबांकडे दे. मला वाचवायला म्हणून माझं नाव खोडू नकोस. खोटा दाखला मीच दिला, हेही त्यांना सांग.

तुझीच,
रविता