पोकळ धागा आणि दादा

१२ मार्च
दादाचा दहावा. गेवराईच्या पुढे, गोदावरीवर. पिंड मांडला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही शिवेना. गुरुजी घड्याळ बघायला लागले. पाहुण्यांनी वचनं देऊन पाहिली. म्हैस विकणार नाही, बांधाचं भांडण मिटवू. उपयोग शून्य. शेवटी मीच पुढे झालो आणि मोठ्यानं म्हणालो, दादा, तुझं हॉलो फायबर मी पूर्ण करीन. कावळा लगेच शिवला! सगळ्यांनी पाहिलं. मेलेल्या माणसाच्या मनातलं ओळखायला सख्खा भाऊच लागतो.

१४ मार्च
कामाची आखणी केली. दादा गुजरातेत मेम्ब्रेनच्या, म्हणजे पाणी गाळायच्या पडद्यांच्या कंपनीत होता. किडन्या गेल्या तसा तेलगावला परत आला आणि शेतातल्या शेडमध्ये स्वतःचं मशीन बसवलं. दोन भारी पॉलिमर सॉल्व्हंटमध्ये विरघळवून एकजीव करायचे, तो पाक बारीक तोटीतून पाण्याच्या टाकीत सोडायचा, की पोकळ धागा तयार. धाग्याच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. त्यातून पाणी गाळायचं. डायलिसिसच्या नळकांड्यातही असलेच धागे असतात. ज्याच्यावर जगतोय ते स्वतः करून बघायचंय, असं दादा म्हणायचा.
माझं माजलगावात पीव्हीसी पाइपचं दुकान. म्हणजे अनुभव आहेच. हॉलो फायबर म्हणजे शेवटी काय, बारीक पाइप. उन्हाळ्याच्या आत उरकतो.

२ एप्रिल
पॉलिमरचे दाणे आधी कडकडीत वाळवावे लागतात. दादाचा ओव्हन बंद पडलाय. मुबीन मेकॅनिक म्हणाला, दुरुस्त करून देतो, जरा दम धरा. बीडचं ऊन असताना ओव्हन कशाला? शिवकन्यावहिनीनं गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. त्यांच्याच शेजारी जुन्या धोतरावर दाणे पसरून दिले. कंपनीवाल्यांना हे सुचलं नसतं.

४ एप्रिल
काल आभाळ आलं. वहिनीनं कुरडया उचलल्या, माझे दाणे दमट हवेत तसेच राहिले. आज पाक दुधासारखा पांढरा झाला. दादाचा काचेसारखा असायचा. मुबीन म्हणे, सिदूभाऊ, लई फाटलंय हे, याचं पनीर बी व्हायचं न्हाई. मी म्हणालो, दोन भारी मंडळी एकत्र आली की जुळायला वेळ लागतोच.

१९ एप्रिल, दुपार
दादा आला होता. टाकीच्या पलीकडे, हात पाठीमागे बांधून. आकाशी शर्ट. घाबरलो अजिबात नाही. सॉल्व्हंटचा वास डोक्यात गेला असणार. उद्यापासून खिडक्या उघड्या ठेवायच्या.

२० एप्रिल, दुपार
खिडक्या सताड उघड्या. तरी आला. ॲसिडिटी असेल. रिकाम्या पोटी शेडवर जायचं नाही.

२१ एप्रिल
भरपेट जेवून गेलो. आला.

११ मे
मोठं यश! ओव्हन सुरू झाला, पाक स्वच्छ निघाला आणि ड्रमभर धागा सलग गुंडाळला गेला. पळत जाऊन वहिनीला दाखवला. तिनं कापला, उजेडात धरला आणि म्हणाली, भावजी, याला भोकच न्हाई. खरंच नव्हतं. धाग्याच्या आत पाणी सोडणारा पंप सुरू करायचा राहिला होता. ठीक आहे. हॉलो राहिलं, पण फायबर तर झालं. अर्धं काम फत्ते.
टाकीपाशी दादा हसल्यासारखा वाटला. रोजचं येणं झालंय त्याचं. मला फार त्रास होतो. काम पुरं झालं की जाईल, म्हणून तर एवढी घाई.

३ जून
भोक पडलं. एकदम सरळ, छान भोक. पण हवा भरून पाण्यात बुडवला की अंगभर बुडबुडे. पुण्याच्या एका कंपनीला नमुना द्यायचं मी कबूल करून बसलोय. मुबीन म्हणे, पंक्चरच्या ट्यूबला बी येवढी भोकं नसतेत. सच्छिद्र म्हटल्यावर छिद्रं असणारच, असं त्याला समजावलं. त्यानं धागा पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाला, सिदूभाऊ, रोज दुपारी कुनासंगं बोलता इथं? मी म्हणालो, मशीनशी.

२२ जून
वहिनी म्हणाली, पुण्याच्या त्याच कंपनीला मशीन पाहिजे, देऊन टाकू. मी भडकलो. म्हणालो, कावळ्यासमोर शब्द दिलाय, मोडला तर दादा अडकून पडेल. ती माझ्यासमोर खाली बसली. मग बोलली. घाटावर मी ओरडत होतो, त्याच वेळी माझ्या मागे उभी राहून तीही म्हणाली होती की मशीन विकते, भावजीला ह्यात गुंतू देत न्हाई. दवाखान्यात दादानंच तिच्याकडून तसं कबूल करून घेतलं होतं. सिदू लई हळवा हाय, माझ्यामागं शेडातच बसून ऱ्हाईल, असं म्हणाला म्हणे.
म्हणजे कावळा नेमका कोणाचं ऐकून आला, हे सिद्ध होत नाही. मी विचारलं, मग टाकीपाशी रोज येतो तो का येतो?
वहिनी म्हणाली, मी बी रोज जाते भावजी, दिवस मावळायच्या आधी. मला तर येकदा बी दिसले न्हाईत. आणि रडायला लागली. मी म्हणालो, पुण्याला कळवून टाक.

२८ जून
मशीन गेलं. टाकीसुद्धा. नटबोल्ट मी स्वतः खोलून दिले, एकही खराब केला नाही. दादा सुटला. मीही सुटलो. उद्यापासून दुकान वेळेवर उघडायचं. पेरणीचे दिवस, पाइपांना मागणी आहे.

२९ जून
दुकान उघडलं नाही. शेडवर गेलो, सहजच. दुपारभर बसलो. एकदा हाक मारून पाहिली. दादा आला नाही. इतका एकटा मी तो गेला त्या दिवशीही नव्हतो.
वहिनी उद्या तिथे खताची पोती रचणार आहे. मी म्हणालो, खुशाल रच, टाकी होती तेवढी जागा फक्त मोकळी सोड. का, ते तिनं विचारलं नाही. बरं म्हणाली.