त्या मंगळवारचं भाषण

प्रिय तेलेसिया,

ज्यांच्या घरातलं माणूस आपणहून या जगातून निघून गेलं, त्या आपल्यासारख्या सगळ्यांची तक्रार एकच. लोक बारीक विणीच्या चटया आणतात, खारवलेल्या मांसाचे डबे आणतात, घसा बसेपर्यंत स्तोत्रं म्हणतात. आत्महत्या हा शब्द मात्र कोणी तोंडातून काढत नाही. आपल्या घरात तो काढू दिला नाही, तो मी. तुझ्या भावाच्या, इओआनेच्या अंत्यविधीत कुळाचा वक्ता म्हणून मी पाऊण तास बोललो. पूर्वजांच्या होड्या, तारे, वारे, सगळं आणलं आणि शेवटी म्हणालो, 'देवानं त्याला बोलावून घेतलं.' तू मागून उठून म्हणालीस, 'बाबा, खोटं बोलताय.' मी नुसता हात केला आणि तुला खाली बसवलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

गेले पाच महिने दर सोमवारी मी मेरेआना नावाच्या समुपदेशक बाईंकडे जातो. मांगेरेच्या आपल्या वस्तीत अशी बातमी लपते थोडीच. चर्चच्या दारात सिआओसीकाकानं गाठलंच: 'काय रे तुआला, जन्मभर आम्हाला बोलून बेजार केलंस, आता बोलायला बाई लागते?' सगळे हसले, मीही हसलो. त्याला काय सांगू, की पहिले दोन महिने मी तिथंही भाषणंच केली. सरकारवर, कारखान्यांवर, पाद्र्यांवर, आपल्या पोरांना गिळणाऱ्या या शहरावर. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आजही मी तो मागे घेणार नाही. बाई ऐकत राहिल्या आणि एकदा म्हणाल्या, 'तुम्ही बोलता तेव्हा मध्ये कोणाला शिरायला जागाच राहत नाही. इओआनेला तरी होती का?'

पुढचे तीन सोमवार मी गप्प बसून परत आलो. चौथ्या सोमवारी त्या मंगळवारचं सांगितलं. बरं वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटलं. मी चिडून विचारलं, 'मग उपयोग काय याचा?' त्या म्हणाल्या, 'बरं वाटेल असं मी कधी म्हटलं नव्हतं. ओझं कोणाचं आहे, ते तरी आता ठाऊक झालं.'

तुझी आई तुझ्याकडे ब्रिस्बेनला आली त्याला आठ महिने झाले. जेवताना ती तुला अजून म्हणते, 'तो गेला त्या गुरुवारी तू त्याचा फोन उचलला असतास तर.' तुझी मावशी मला फोनवर सगळं सांगते, आणि आठ महिने मी ते चालू दिलं. पोरी, त्या गुरुवारच्या आधी, मंगळवारी, तो माझ्याकडे आला होता. मी परसात अळूचे कंद सोलत होतो. तो म्हणाला, 'बाबा, मला जगावंसं वाटत नाही.' आणि मी सुरी खाली ठेवून उभा राहिलो आणि बोललो. तासभर बोललो. समुद्र ओलांडून आलेले आजे-पणजे, त्यांचं रक्त, त्याची जबाबदारी. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, 'छान बोललात, बाबा.' कंदांची टोपली उचलून आत ठेवली आणि गेला. पोराला पटलं, असं वाटून मी खुशीत होतो.

हे कळल्यावर तुम्ही दोघी परत याल, अशी आशा मी धरत नाही. क्षमाही मागत नाही. मागायला बसलो तर पुन्हा भाषण होईल. आज जेवायला बसण्याआधी हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. मंगळवारची एकही ओळ गाळू नकोस.

तुझाच,
बाबा