तेरा मेच्या आत ट्रक सरळ चालवण्याबद्दल

हायवे २८७, विचिटा फॉल्सच्या जरा अलीकडे, टेक्सास
१६ एप्रिल २००६, रविवार

तीर्थरूप मोरेश्वरमामांस,

निमिषचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून, कारण ही सुरुवात मी ट्रकखाली बसून करतो आहे. कागदावरचा डाग ग्रीसचा आहे, तुपाचा नव्हे. मामींनी हुंगून बघू नये.) तुमची कंबर कशी आहे? मामींची शुगर? गॅरेजसमोरचा खड्डा नगरपालिकेनं बुजवला, की अजून त्याच्यावरच आपला धंदा चालतो आहे? मी मजेत. तब्येत उत्तम, हवा कोरडी, कॉलेजचं ठीक, त्याबद्दल पुढे लिहितो. आज ईस्टर म्हणून इथे सगळी दुकानं बंद आहेत, त्यामुळे पत्र लांबेल.

तुम्हाला ठाऊक आहेच की आई पदवीदान समारंभासाठी येते आहे (समारंभाबद्दलही पुढे). १३ मेला, शनिवारी दुपारी, ती डॅलसला उतरेल. तिथून सव्वादोनशे किलोमीटर मी तिला माझ्या ट्रकमधून इथे आणणार आणि ट्रक सरळ चालत नव्हता. बाकी पत्र या एकाच विषयाला धरून आहे.

इथे ट्रक म्हणजे आपला दहाचाकी नव्हे. पुढे माणसं, मागे उघडा हौदा, बस्स. माझा मात्र आणखी सहा इंच उचललेला आहे आणि त्याची चाकं आपल्या ट्रॅक्टरच्या वळणावर गेलेली आहेत. हा मी डस्टी नावाच्या माणसाकडून घेतला. मी राहतो त्या मोटेलात तो तीन आठवडे होता. (मोटेल कॉलेजच्या जवळ आहे. 'जवळ' हा शब्द इथल्या अंतरांच्या मानानं घ्यावा.) माझी छोटी जपानी गाडी त्यानं घेतली, त्याचा ट्रक मी घेतला आणि किल्ली देताना तो इतका हसत का होता हे मला फाटकाच्या बाहेर पडल्यावर कळलं. तुम्ही विचाराल, घेतलास कशाला? तर मामा, त्यात बसलं की पुढच्या गावाची पाण्याची टाकी दिसते, आणि पुढचं गाव दिसलं की मला तिकडे जावंसं वाटतं. सातवीत मी असाच मलकापूरहून भुसावळला गेलो होतो आणि तुम्ही मला शोधून आणलंत. वाटेत कचोरी खाऊ घातलीत. तशी कचोरी इथे मिळत नाही. एकदा ओक्लाहोमात एका गुजराती माणसानं करून घातली होती, पण तो विषय वेगळा.

तर स्टिअरिंग. डस्टीनं गाडी उचलताना स्प्रिंगा उंच घातल्या आणि स्टिअरिंगच्या दांड्या होत्या तशाच ठेवल्या. म्हणजे घर एक मजला वर नेलं आणि जिना जुनाच. परिणामी ट्रक सरळ जात असला की स्टिअरिंगवरचं कंपनीचं चिन्ह डावीकडे मान टाकून बसायचं. दुसरं दुखणं मोठं. पन्नास मैलांच्या वेगात पुलाच्या सांध्यावरून गेलं की पुढच्या चाकांच्या अंगात यायचं. सगळी गाडी घुमायला लागायची, आरसे, माझे दात, सगळं. इथले लोक त्याला डेथ वॉबल म्हणतात आणि तो विषय निघाला की हौसेनं बोलतात. पूर्ण थांबल्याशिवाय ते उतरत नाही. थांबावं, खाली उतरावं, शेतातल्या गायी आपल्याकडे बघत असतात, त्यांच्याकडे बघावं, परत बसावं.

फेब्रुवारीत मी तुम्हाला फोन केला तेव्हा चिन्ह कुठे झुकतंय असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, डावीकडे. तुम्ही म्हणालात, "मग ड्रॅग लिंकची स्लीव्ह दोन फेरे लांब कर. डोळे मिटून कर." मी चाकांकडे जाणाऱ्या त्या दांड्याची स्लीव्ह डोळे उघडे ठेवून फिरवली, दांडा लांब केला. चिन्ह आणखी डावीकडे गेलं. पुन्हा फोन केला. "निम्या, मोजताना चुकला असशील, अजून दोन दे." अजून दोन दिले. चिन्ह पार उलटं झालं. आता सरळ जाताना डावा हात उजव्या मांडीवर यायचा आणि डावीकडचा इंडिकेटर लावला की लगेच आपणहून बंद व्हायचा, त्यामुळे मी महिनाभर फक्त उजवीकडे वळलो. (त्यामुळे काही गावं बघून झाली जी एरवी झाली नसती. त्यातल्या एकात कापसाच्या गाठींचं संग्रहालय आहे.) तिसऱ्या फोनला तुमचा आवाज चढला. तीस वर्षं जीपा सरळ करतोय, तुझ्या अमेरिकेचं लोखंड निराळं आहे का, असं तुम्ही म्हणालात. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग मी डॅलसजवळच्या प्लेनोहून हेमचंद्रला बोलावलं. हा मूळचा अमरावतीचा, इथे चिपा डिझाइन करतो आणि रविवारी अस्वस्थ असतो. तो लेझरचा दिवा, लॅपटॉप, वीणावहिनी आणि थालीपिठं घेऊन आला. चार तास त्यानं चाकांची मापं घेतली आणि एक्सेलमध्ये ग्राफ काढला. ग्राफ फार देखणा आला. त्यावरून असं सिद्ध झालं की ट्रक कायम रिव्हर्समध्ये चालवला तर सरळ जाईल. "यार, डेटा तर हेच म्हणतोय," हेमचंद्र म्हणाला, आणि आम्ही दोघं डेटाकडे बघत राहिलो.

वीणावहिनी त्यांच्या गाडीच्या डिकीत बसून थालीपीठ खात होत्या. त्यांना इथलं लायसन्स तिसऱ्या खेपेला मिळालं, कारण पहिल्या दोन्ही खेपांना त्या रस्त्याच्या आपल्याकडच्या बाजूला गेल्या. त्या म्हणाल्या, "अहो, ह्याच्या मामांच्या जीपचं स्टिअरिंग कुठल्या बाजूला असतं?"

"उजव्या. भारतात सगळ्यांचंच," हेमचंद्र म्हणाला.

"आणि ह्याचं?"

हेमचंद्रनं लॅपटॉप हळूच मिटला. आम्हा दोघांचं मिळून साडेसात वर्षांचं इंजिनिअरिंग झालेलं आहे (त्याची सहा, माझं दीड, त्याबद्दल पुढे), पण हे विचारायला वहिनी लागल्या. तर मामा, तुमच्या जीपमध्ये जो दांडा उजवीकडून डावीकडे जातो तो इथे डावीकडून उजवीकडे जातो. तिथे लांब करायचा तर इथे आखूड. तुम्ही बरोबरच सांगितलं, मीही बरोबरच केलं, मधे फक्त देश बदलला होता. मी स्लीव्ह सहा फेरे आखूड केली: चार तुमचे काढायला, दोन माझे. चिन्ह सरळ उभं राहिलं. वहिनी म्हणाल्या, आता चहा तरी कर.

अंगात येण्याचं कारण मात्र तुम्ही पहिल्या फोनलाच ओळखलं होतं. ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून जो दांडा असतो, त्याच्या बोल्टचं भोक घासून लांबट झालं होतं. डस्टीनं ते न बघता वरून दोन जादा शॉकॲब लावले होते, म्हणजे तापावर पांघरूण. इथे पवनचक्क्या दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, त्यानं जाड पट्टी वेल्ड करून दिली आणि नवा बोल्ट बसवला. काल साठ मैलांनी त्याच पुलावरून गेलो. काही झालं नाही. सवयीनं मी थांबलोच, गायींनीही सवयीनं बघितलं.

राहता राहिलं चढणं. पायरी माझ्या मांडीला लागते आणि आईचे गुडघे तुम्ही जाणता. वहिनींनी मुद्दाम पुढच्या रविवारी साडी नेसून येऊन चढून बघितलं. दुसऱ्या प्रयत्नात आत गेल्या आणि वरून म्हणाल्या, "निमिष, तुला आईंना बसवायचंय की भरायचंय?" आता मोटेलच्या धोबीखोलीतलं स्टूल मी हौद्यात बांधून ठेवलं आहे.

असो. मामींना नमस्कार. घरातल्या मोठ्यांनाही, आणि लहान कोणी उरले असतील तर त्यांना मोठं व्हायची घाई करू देऊ नका.

तुमचा भाचा,
निमिष

ता. क. कॉलेजचं. ते मी जानेवारी २००४ मध्ये सोडलं. समारंभ १९ मेला आहे, पण तो इतरांचा आहे. आईनं त्यासाठी नारायणपेठ घेतल्याचं कळलं. मामा, हे तिला तुम्ही सांगा. माझ्या तोंडून निघत नाही. तीनदा निघता निघता मी हवामानावर गेलो. आणि विमानतळाच्या वाटेवर सांगू नका, आधी सांगा, म्हणजे यायचं की नाही हे तिला घरी बसून ठरवता येईल. आली तर ट्रक सरळ आहे. वर एवढं सगळं लिहिलं ते एवढ्यासाठीच.

ता. क. २. सोमवार. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आईचा फोन आला. समारंभात घालायला ती माझा कोट शिवून आणते आहे आणि शिंप्याला मापं हवी होती. मी दिली. खांदा साडेसतरा, बाही पंचवीस. छाती जरा सैल ठेवायला सांगते, म्हणाली. मी बरं म्हणालो.

ता. क. ३. शिंपी गुरुवारी कापड कापणार आहे. हे पत्र तुम्हाला मिळायला दहा दिवस लागतील, हे मला कळतं. म्हणून तुम्हाला फोन करायला कार्ड आणून ठेवलं आहे. कार्डावरचा नंबर अजून खरवडलेला नाही.