मर्सी कुणाची?

प्रिय टॅबिथा,

काल जेवताना घेवड्याचं भांडं माझ्याकडे सरकवत, मान खाली घालून तू म्हणालीस, "लिहून टाक ना, सायलस, तुझं काय जातंय?" त्या क्षणी माझ्यासाठी सगळं बदललं.

तुझ्या बाबांनी मला सरळ हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी अट घातली: "इंग्लंडहून सुरुवातीच्या जहाजातून अमेरिकेत आलेल्या जॉब विल्कॉटपर्यंत आम्हा लोथ्रिजांची वंशावळ नेऊन दाखव, मग टॅबिथाचा हात माग." मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं. सगळा उन्हाळा किनाऱ्यावरच्या कबरस्तानांत गुडघे टेकून, नावं वाचता यावीत म्हणून शेवाळलेले दगड घासले. तुझी केझाया आत्या चिडवायची, "अरे, लग्नानंतर पोरीला खायला काय घालणार, शेवाळ?" आणि तू हसायचीस. त्या हसण्यापायी मी आणखी दगड घासायचो, वेड्यासारखा.

शेवटी विल्कॉटचा दगड सापडला. जॉब, त्याची बायको आणि मुलगी मर्सी, एकाच हिवाळ्यात गेलेले. मर्सी तीन वर्षांची! आणि तुम्ही म्हणता, तिने पहिल्या लोथ्रिजशी लग्न केलं. बाबा म्हणाले, "त्या काळी मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे. दुसरी मर्सी झाली असेल." द्यायचे, कबूल. पण आईबापही तिच्यासोबतच गेले, मग दुसरी झाली कधी? तुमची मर्सी वेगळीच, कुणाची मोलकरीण असेल, कुणाची पोरकी पोर. असं म्हणालो, तर बाबा कडाडले, "थँक्सगिव्हिंगला गाव जेवायला येणार, त्यांच्यापुढे मी मोलकरणीचा वंशज म्हणून बसू?"

त्यांचा राग नाही गं. राग तुझा आहे. मला तू हवीस, तुझी खापरपणजी कुणी का असेना. माझा बाप मासे खारवतो. उद्या त्याच्या जागीही एखादं बरंसं नाव लिहून टाक म्हणशील?

एवढंच विचारायला हे लिहिलं. तुम्ही सगळे चर्चला गेलात. वंशावळ टेबलावर आहे, मर्सीच्या आईबापांची जागा कोरी. खोटं नाव घालायचंच असेल तर तुझ्या हाताने घाल, आणि मग मला विसर. नसेल घालायचं, तर खारवणीच्या शेडवर ये, मी तिथेच आहे, मासळीच्या वासात. आता निघतो. घरात कुणी नाही, म्हणून दार जोरातच आपटतोय.

अजून तरी तुझाच,
सायलस