वई होती तिथेच आहे

खालची वाडी, ता. जि. रत्नागिरी
२४ मे

चि. अनिलभावजी यांस मैनावहिनीचे पोटभर आशीर्वाद. इकडे मी, गाय आणि कोंबड्या खुशाल. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? खाली असेल तर पत्र आत्ताच वाचा, वर असेल तर आधी गोळी घ्या, जेवा आणि मग वाचा. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "वहिनी, तुम्ही ऐका" म्हणता आणि मला ऐकतच राहावं लागतं. पत्रात तुम्हाला ती सोय नाही.) दर्शनाची कंबर बरी असेल. तिला म्हणावं, धाकट्या जावेची कंबर आणि माझा पाय, दोन्ही मिळून या घरात एक धड बाई तयार होईल.

तर वाडीतल्या बाबल्याने तुम्हाला मोबाईलवर पाठवलेला फोटो खरा आहे. आपल्या मागीलदारची काट्याकुट्यांची वई फोडलेली आहे, आणि ती पलीकडच्या खतिजानेच फोडली, स्वतःच्या कोयतीने, भर दिवसा. इथवर बाबल्या खरं बोलला. फोटोत माझा पाय आला नाही, कारण बाबल्याला महत्त्वाचं तेवढं सोडून बाकी सगळं टिपता येतं. (त्याने माझ्या साठीला फोटो काढला, त्यात मी नाही, शिऱ्याचं पातेलं आहे.)

झालं असं की चैत्रात मी कोकमासाठी पडलेले रातांबे वेचायला गेले, पाय सरकला आणि अशी आदळले की उठता येईना. हाक मारायची तर कुणाला? तुम्ही भांडुपला, बाबल्या पालीच्या बाजारात, आणि वईपलीकडे खतिजा, जिच्याशी आपल्या घराचं अकरा वर्षं बोलणं बंद. म्हणजे तुम्ही आणि तिच्या मुलाने, तहाने, रातांबा कुणाचा यावरून बंद केलंत, आणि वर्षभर पाळायचं आम्ही दोघींनी. ते मी कडक पाळलं. काही सांगायचं असलं तर कोंबडीला सांगायचे, "आज नळाला पाणी नाही हो, विहिरीचं भरून ठेवा," आणि ती तिच्या बकरीला मोठ्याने म्हणायची, "कळला गो, भरलंय." याला काही बोलणं म्हणत नाहीत. पण त्या दिवशी जवळपास एकही कोंबडी नव्हती. नाइलाजाने थेट "खतिजा गो!" अशीच हाक मारली.

"थांब गो बाय, हलू नको, मी येतंय!" एवढं ऐकलं. रस्त्याने फिरून यायचं तर पाव तास, आणि तिचे गुडघे धरले तर अर्धा. तिने कोयती घेतली आणि काटे तोडत सरळ आत आली. हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. मला टेकून बसवलं, आणि पहिलं काम काय केलं तर मला झाडलं, की या वयात एकटी इथे कशाला कडमडलीस. रिक्षात घालून रत्नागिरीला तिने नेलं, प्लास्टर होईपर्यंत बाकड्यावर तीच बसून राहिली. भावजी, त्या दिवशी मला फार भीती वाटली. पाय मोडल्याची नव्हे. हाक ऐकायला कुणी नसतं तर काय, याची.

तुम्ही फोटो बघितलात आणि मोजणीचा अर्ज ठोकलात. (पायाची चौकशीही केलीत, नाही म्हणत नाही, अर्जानंतर.) मोजणीचे साहेब मंगळवारी आले. तुम्हाला रजा नव्हती. तहा मस्कतहून सोमवारी संध्याकाळीच उतरला होता, दर मे महिन्यात येतो तसा. तो वईच्या एका टोकाला हाताची घडी घालून उभा, आणि मी दुसऱ्या टोकाला खुर्चीत, तुमच्या वतीने कपाळाला आठ्या घालून. (जमल्या तेवढ्या घातल्या.) साहेबांनी तीन पायांचं यंत्र मांडलं. ते म्हणे आकाशातल्या उपग्रहाला विचारतं. उपग्रहाने सांगितलं तिथे पहार मारली, तर वईच्या बरोबर बुडाशी खण्‌कन हद्दीचा दगड! दुसऱ्या टोकालाही तसंच. वई इंचभर हललेली नाही, आणि रातांबा नेमका हद्दीवर, दोन्ही घरांचा.

तहाचं तोंड बघण्यासारखं झालं. "पण काकी, मी तर दर वर्षी हातभर सरकवतंय!" म्हणाला आणि जीभ चावली. मग मीही सांगून टाकलं, की आमचे भावजी दर गणपतीत आरती आटोपली की कोयती घेऊन मागीलदारी जातात आणि हातभर तिकडे सरकवून येतात. साहेब म्हणाले, मग झाली फिटंफाट, अकरा वर्षं दोघांनी घाम गाळलात आणि वई आहे तिथे. तहा रातांब्याखाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. अनिलकाकांना सलाम सांगा म्हणाला. तो मी पोचवते आहे, तुम्ही घ्या.

आता फोडलेल्या जागी वई पुन्हा भरायची नाही, तिथे ये-जा करायला बेडं करायचं असं आमच्या मनात आहे, दोन्हीकडून उघडणारं. तहा जाण्याआधी स्वतः बसवून देतो म्हणतो. रातांब्याची सोलं आम्ही एकाच अंगणात वाळत घातली आहेत. गणपतीत तुम्ही याल तेव्हा आपले मोदक पलीकडे गरम असताना पोचतील, गेली अकरा वर्षं पोचलेच नाहीत. मला फार बरं वाटतंय, भावजी.

तुमची,
मैनावहिनी

ता. क. सोबतचा कागद बेड्याला हरकत नसल्याचा आहे. जमीन तुमच्याही नावावर, म्हणून सही लागते. जागेवर पेन्सिलीने फुली केली आहे. तहा पुढच्या शनिवारी जातो, त्याआधी पाठवा.

आणखी एक ता. क. सही झाली ना? मग आता सांगते. तहा सोमवारी संध्याकाळी उतरला, यंदा त्याने वईला अजून हात लावलाच नव्हता, आणि सरकवायला सुरुवात तुमची, म्हणजे तुमची एक खेप जास्तच. मग फिटंफाट झाली कशी, हे साहेबांना सुचलं नाही आणि तुम्हालाही सुचलं नसेल. दगड कुठे आहेत ते तुमच्या दादांनी, ते होते तेव्हाच, आम्हा दोघींना दाखवून ठेवलं होतं. दर गणपतीनंतर तुमची गाडी सुटली की मी अलीकडून आणि खतिजा पलीकडून, एकेक खुंट उपटून परत दगडावर आणून लावायचो. जूनमध्ये तहाचं विमान उडालं की पुन्हा तेच. तुम्हाला वाटायचं त्याने ओढली, त्याला वाटायचं तुम्ही. वर्षातले तेवढे दोन दिवस आम्ही कोंबड्यांना मध्ये घेत नव्हतो. पण आता माझा पाय असा आणि तिचे गुडघे तसे. तेव्हा गणपतीला जरूर या, पण वईला हात लावू नका. परत जागेवर आणायला आता आमच्याने व्हायचं नाही.