सुरक्षेचा प्रस्ताव तीन प्रतींत

१३ जून १९८८, सोमवार
शाळा उघडली. यंदाचे संकल्प: रोजनिशी रोज लिहिणे, आणि रागावायचं नाही. वरून परिपत्रक आलंय. ग्रामीण शाळांत विद्यार्थ्यांची सुरक्षा आणि हिंसाचारास प्रतिबंध, यासाठी अनुदान! कंपाउंड वॉल, गेट, वॉचमन, सलोखा मेळावा. वाचून अंगात दहा हत्तींचं बळ आलं. अशा योजनेला माझ्यासारखाच हेडमास्तर पाहिजे.

१६ जून, गुरुवार
(दोन दिवस लिहायचं राहिलं. कामाचा लोड.)
बौद्धवाड्यातल्या गीताबाई आल्या होत्या. त्यांची पंचफुला सातवीला, वर्गात पहिली. ओढ्यावरच्या पुलावर चार रिकामटेकडी पोरं बसतात, वाड्यातल्या मुलींना जातीवरून बोलतात, नामांतराच्या नावानं टिंगल करतात. परवा दगड मारला, पंचफुलेच्या घोट्याला लागला. म्होरक्या भुजंग. पोलीस पाटील दत्तराव यांचे चिरंजीव, माझाच जुना विद्यार्थी. बाई म्हणाल्या, सर, तुमी सकाळच्याला नुसतं पुलापाशी येऊन उभं ऱ्हावा, दुसरं काई नको. पोरीला शिकायची लय हौस हाय, पन असंच चाललं तर शाळा सोडवावी लागंल.
मी त्यांना नीट समजावलं. अशी तात्पुरती मलमपट्टी करून भागत नाही. हा प्रश्न योजनेतूनच सुटला पाहिजे. बाई नमस्कार करून गेल्या. पटलं असावं.

२० जून, सोमवार
प्रस्ताव तीन प्रतींत लिहिला. कार्बन उलटा लागला होता. पुन्हा लिहिला. रागावलो नाही. (बन्सीधर गुरुजींवर ओरडलो, ते वेगळं.) रकाना सातवा: गेल्या तीन वर्षांतील हिंसाचाराच्या घटना. बन्सीधर म्हणाले, पुलाचं लिहा की सर. म्हटलं, काय बोलता काय! अकरा वर्षं मी इथे हेडमास्तर आहे, आपल्या शाळेचा एक वाईट रिपोर्ट वर गेलेला नाही. ठळक अक्षरात 'निरंक' लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

२१ जुलै, गुरुवार
प्रस्ताव परत! शेरा: घटना निरंक असल्याने अनुदानाची निकड दिसून येत नाही. अरे, चांगलं असणं हा काय गुन्हा झाला? शेजारच्या गावच्या किशनराव हेडमास्तरांनी बारा घटना दाखवल्या. त्यातल्या दोन बैलांच्या मारामाऱ्या आहेत, असं ऐकतो. त्यांचा मंजूर. दिवसभर डोकं भणभणत होतं. जेवलो नाही. भाकरी तेवढी खाल्ली.

२ ऑगस्ट, मंगळवार
'निरंक' खोडून 'चार' केलं आणि परभणीला नेऊन दिलं. क्लार्क म्हणाला, खाडाखोड चालत नाही, वर पोलीस पाटलाचा दाखला जोडा. म्हणजे दत्तरावांचा. म्हणजे आपल्या पोरानं दगड मारला, हे बापानं शिक्क्यानिशी लिहून द्यायचं. कसला नियम हा! एसटीत पेडगावपर्यंत उभा होतो. उभ्या उभ्या दत्तरावांना सुनवायचं भाषण तयार केलं. फार बाणेदार झालंय.

९ ऑगस्ट, मंगळवार
दत्तरावांकडे गेलो. आग्रहाने भजी आणि चहा. पीकपाण्याचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, काय काम काढलं सर? म्हटलं, दाखला पाहिजे. त्यांनी आत आवाज दिला, भुजंगा, शिक्का घेऊन ये रे. शिक्का, कागद, पेन घेऊन भुजंगच समोर हजर. अशा वेळी माणसानं काय करावं?
दाखला मिळाला. 'गावात संपूर्ण सलोखा असून कोणताही अनुचित प्रकार घडलेला नाही.' मजकूर मी सांगितला. अक्षर भुजंगाचं. सुरेख आहे. वळण मीच लावलेलं.

१७ ऑगस्ट, बुधवार
पंचफुला तीन दिवस गैरहजर. बन्सीधर म्हणतात, सर, उद्यापासून आपण दोघं जाऊन पुलापाशी उभं राहू. या माणसाला प्रशासन काडीचं कळत नाही. प्रस्ताव पेंडिंग असताना आपणच मुलींना सुरक्षित आणलं, तर वर वाटणार, यांचं अनुदानावाचून भागतंय.

३ सप्टेंबर, शनिवार
गीताबाई पंचफुलेला घेऊन आल्या. दाखला पाहिजे. मामा पूर्णेला रेल्वेत आहे, तिथल्या शाळेत घालणार. मी म्हटलं, घाई करू नका, दिवाळीपर्यंत अनुदान येतंय, पहिली भिंत तुमच्याच बाजूची बांधतो. बाई म्हणाल्या, दाखला द्या सर, गाडीची येळ झाली.
शाळा सोडण्याचं कारण: 'पालकांच्या विनंतीवरून.' तसंच लिहायची पद्धत आहे. पंचफुलेनं दाखला आईला मोठ्यानं वाचून दाखवला. मग मला म्हणाली, सर, आईनं विनंती तर पुलापाशी उभं ऱ्हायची केली होती. चिडून नाही. गणितातली चूक दाखवावी तशी.
दाखला सहीसाठी पुढे ओढला. सही वाकडी आली.
वाड्यातल्या अजून दोघी आहेत, मनकर्णा आणि तिची बहीण. सोमवारी पुलापाशी जाणार. म्हणजे जाणारच. खड्ड्यात गेलं अनुदान.

५ सप्टेंबर, सोमवार
साडेनऊला पुलावर गेलो. चौघंही होते. मला बघून उठले, कठडा झाडून दिला. बसलो नाही. छत्री घट्ट धरून उभा राहिलो. पाऊण तास झाला, वाटेवर कोणी नाही. शेवटी त्यांनाच विचारलं. भुजंग म्हणाला, त्या दोघी बी गेल्या की सर, परवा, पंचफुलेसंगं. आता हिकडून कोनी येत न्हाई.
लाज वाटली. इतकी, की वर बघवेना. आज तरी त्याला चार शब्द सुनवायचेच म्हणून तोंड उघडलं. तेवढ्यात तो वाकला. म्हणे, सर, आज शिक्षक दिन हाय. आणि पाया पडला.
माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, सुखी राहा.